परतीचा दिवस

वाचकहो, परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विमान आणि समुद्र उभे राहतात. पण सगळेच परदेश समुद्रापलीकडे नाहीत. नेपाळ हा आपल्या शेजारचा देश. त्याचे राज्य वेगळे, पैसा वेगळा, पंचांग वेगळे आणि घड्याळही वेगळे. तरी तेथे जाण्यास आपणांस व्हिसा लागत नाही. ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यामध्ये मैत्रीचा तह झाला. त्या तहात दोन्ही देशांच्या लोकांना एकमेकांच्या देशात येण्याजाण्याची मोकळीक दिलेली आहे. मात्र ओळख पटविणारा कागद जवळ असावा. मतदार ओळखपत्र सर्वांत सोयीचे.

गेवराई तालुक्यातल्या आमच्या चकलांब्याहून आणि जवळच्या वाड्यावस्त्यांवरून आम्ही चौतीस माणसे मार्च २०२४ मध्ये पशुपतिनाथाच्या यात्रेला गेलो होतो. परळीच्या वैजनाथाला जाणाऱ्या माणसांना पशुपतिनाथाची ओढ असतेच. मनमाडहून रेल्वेने गोरखपूर गाठले. तेथे भाड्याची बस केली. १२ मार्चला, मंगळवारी, सोनौलीच्या सीमेवरून नेपाळात शिरलो. लुंबिनीला गौतम बुद्धांचे जन्मस्थान पाहिले. तेथे सम्राट अशोकाने उभारलेला दगडी खांब आजही आहे. पुढे पोखरा पाहिले, आणि मग काठमांडू.

चार दिवस सुखात गेले. कोणाला ठेच लागली नाही की कोणाचे काही हरवले नाही. पण पाचव्या, म्हणजे परतीच्या दिवशी एकामागून एक अशा गोष्टी घडल्या की पुसू नका! त्या दिवसाची हकिकत या पाठात सांगतो. गोष्टी लहानच आहेत. पण त्यांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

१. कागदावरची तारीख

आपली गाडी नेपाळात न्यायची तर सीमेवर जकात भरून परवाना घ्यावा लागतो. जकातीला तिकडे 'भन्सार' म्हणतात. जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे पैसे भरायचे. मुदत संपल्यावर गाडी तेथेच राहिली तर दंड होतो. आमच्या बसचा परवाना पाच दिवसांचा होता. बारा, तेरा, चौदा, पंधरा आणि सोळा. म्हणजे शनिवारी, १६ तारखेला रात्री बाराच्या आत गाडी सीमेपार व्हायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गोरखपूरहून आमची रेल्वे होती. ती चुकली असती तर चौतीस माणसांची तिकिटे वाया जाणार होती.

शुक्रवारी रात्री आमच्यातल्या एका कॉलेजात जाणाऱ्या पोराने तो परवाना हातात घेतला आणि ओरडला, "गुरुजी, घोटाळा झाला! यावर ३ डिसेंबर २०८० लिहिलंय!"

झालं! सगळी मंडळी गोळा झाली. कोणी म्हणाले, फसवले. कोणी म्हणाले, सीमेवर अडकणार. कागदावर आकडे असे होते : २०८०/१२/०३.

मी म्हणालो, "बाबा, आकडे तू बरोबर वाचलेस. पण पंचांग कोणाचे ते नाही पाहिलेस."

नेपाळात सरकारी कामकाज विक्रम संवताप्रमाणे चालते. संवताचा आकडा आपल्या इसवी सनाच्या सुमारे ५७ वर्षे पुढे असतो. म्हणून २०२४ चा मार्च म्हणजे तेथे २०८० साल. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असा त्यांचा लिहिण्याचा क्रम. त्यांचे वर्ष वैशाखात सुरू होते आणि बारावा महिना येतो चैत्र. तेव्हा २०८०/१२/०३ म्हणजे २०८० सालच्या चैत्राचा तिसरा दिवस. हाच आपला १६ मार्च. आपल्याकडे त्या वेळी फाल्गुन चालू होता. त्यांचे महिने सूर्यावर मोजतात, आपले चंद्रावर. म्हणून हा फरक.

पोरगा डोके खाजवीत म्हणाला, "म्हंजे कागद बरोबरच हाय की!"

कागद बरोबरच होता. पण शंका विचारली हे त्या पोराने चांगले केले. कागद न वाचता खिशात घालणाऱ्यापेक्षा वाचून शंका काढणारा बरा.

२. पंधरा मिनिटांचे भांडण

परतीच्या दिवशी पहाटे सर्वांनी शेवटचे दर्शन घ्यावे आणि बरोबर सात वाजता बसपाशी जमावे असे ठरले होते. आम्ही गौशाला चौकाजवळच्या एका धर्मशाळेत उतरलो होतो. देऊळ तेथून पायी जाण्यासारखे आहे.

सात वाजले. अर्धी माणसे आली, अर्धी नाहीत. बसवाला भोंगा वाजवू लागला. सव्वासातला उरलेली मंडळी सावकाश गप्पा मारीत आली. आधी आलेल्यांचा पारा चढला.

"सातचा वायदा होता ना, बुवा? ही काय येळ झाली?"

हरिभक्त बुवांनी मनगट पुढे केले. "हे बघा. माझ्या घड्याळात ठीक सात. एक मिनिट इकडं न्हाई, तिकडं न्हाई."

दुसऱ्याने आपले घड्याळ दाखविले. त्यात सव्वासात. दोघांचीही घड्याळे बरोबर होती! बुवांचे घड्याळ चकलांब्याच्या वेळेवर होते, दुसऱ्याचे काठमांडूच्या.

नेपाळचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या पंधरा मिनिटे पुढे असते. असे का? पृथ्वी स्वतःभोवती फिरते. तिला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. भारताची वेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवरून धरलेली आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. नेपाळने आपली वेळ सव्वाशहाऐंशी अंशांच्या रेषेवरून धरली. ती रेषा गौरीशंकर शिखराजवळून जाते. दोन्हींत पावणेचार अंशांचे अंतर. पावणेचार गुणिले चार, बरोबर पंधरा मिनिटे. १९८६ सालापासून नेपाळात ही वेळ चालू आहे. सूर्य पूर्वेकडच्या लोकांना आधी दिसतो, म्हणून त्यांचे घड्याळ पुढे.

हे समजल्यावर भांडण मिटले. पण माणसे मोजली तेव्हा खरी चिंता उभी राहिली. बसमध्ये तेहतीसच माणसे होती. एक आजी आली नव्हती.

३. 'ढोका' आणि 'धोका'

आजींचे वय सत्तरीच्या जवळ. बरोबर त्यांची सून. दर्शनाच्या गर्दीत दोघींची ताटातूट झाली. सुनेला वाटले, सासूबाई पुढच्या बायकांबरोबर गेल्या. पुढच्या बायकांना वाटले, त्या सुनेबरोबर आहेत. सून रडू लागली. "गुरुजी, माय कुठं गेली असंल हो? तिला तर हितली भाषा बी येत न्हाई."

फोन लावला. लागेना. आपल्या फोनची चिठ्ठी, म्हणजे सिमकार्ड, परदेशात आपोआप चालत नाही. त्यासाठी निघण्यापूर्वी रोमिंगची सोय करून घ्यावी लागते, नाहीतर तेथले सिमकार्ड घ्यावे लागते. आजींच्या फोनला यांपैकी काहीच नव्हते.

बसवाला घाई करू लागला. दोघे-तिघे म्हणाले, एक माणूस पैसे देऊन मागे ठेवू. तो आजीला शोधून घेऊन येईल. बाकीच्यांनी निघावे. नाहीतर परवानाही जाईल नि रेल्वेही जाईल. त्यांचेही अगदीच चुकीचे नव्हते. तिकिटाचे पैसे लोकांनी कापूस विकून, ऊसतोडीच्या उचलीतून साठवलेले होते. पण चौतीस माणसे एका गावाहून निघाली, ती चौतीसच परत जायला हवीत. मी म्हणालो, "आठ वाजेपर्यंत कोणी हलायचे नाही. बसमधल्यांनी बसमध्येच बसायचे. शोधायला चौघेच जातील, दोघे दोघे मिळून. सगळेच शोधायला गेलो तर एकाऐवजी दहा हरवतील."

इकडे आजींचे काय झाले ते ऐका. पशुपतिनाथाच्या देवळाला चार दिशांना दारे आहेत. आत गेल्यावर माणूस फिरतो, आणि कोणत्या बाजूने आलो ते विसरतो. आजींना एक वाट दिसली. तिच्यावर पाटी होती. आजींनी अक्षर अक्षर लावून वाचले : ढो-का. त्या घाबरल्या. "अगं माय! पुढं धोका हाय!" आणि उलट्या फिरल्या.

वाचकहो, नेपाळी भाषेत 'ढोका' म्हणजे दार! ती बाहेर जाण्याचीच वाट होती. आजींनी अक्षरे बिनचूक वाचली. पण शब्द परक्या भाषेचा होता. आपली मराठी आणि त्यांची नेपाळी, दोन्ही भाषा देवनागरीत लिहितात. अक्षरे तीच, पण शब्द निराळे. त्यामुळे कधी फायदा होतो, तर कधी गंमत.

आजी दुसऱ्या बाजूने बाहेर पडल्या. सगळे अनोळखी. त्या क्षणभर घाबरल्या, पण धावत सुटल्या नाहीत. भिंतीच्या कडेला उभ्या राहिल्या आणि कनवटीची चंची काढली. चंचीत एक कागद होता. काठमांडूला पोहोचल्या दिवशी मी प्रत्येकाला एक काम दिले होते. आपल्या हाताने कागदावर आपले नाव, गाव, धर्मशाळेचे नाव, चौकाचे नाव आणि बरोबरच्या माणसाचा फोन नंबर लिहायचा. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांना दुसऱ्याने लिहून दिले. आजी दोन हिवाळे साक्षरता वर्गात बसल्या होत्या. त्यांनी स्वतः लिहिले. अक्षर वाकडे होते, पण वाचता येत होते.

मग त्या पाट्या वाचू लागल्या. 'औषधि पसल'. औषध कळले, पसल म्हणजे दुकान हे अंदाजाने कळले. पुढे एक निळी पाटी दिसली : 'प्रहरी'. आजींनी भजनात, कीर्तनात पहारा, प्रहर हे शब्द ऐकलेले. त्या म्हणाल्या, हा पहारेकरीच असणार. आणि तसेच होते. नेपाळात पोलिसाला प्रहरी म्हणतात.

आजी त्या चौकीत गेल्या. "लेकरा, मी वाट चुकले."

पोलीस तरुण होता. त्याने विचारले, "आमा, कहाँ जाने?" 'आमा' म्हणजे आई. आजींना तेवढे बरोबर कळले. त्यांनी कागद पुढे केला. पोलिसाने तो सरळ वाचला. गौशाला चौक, धर्मशाळेचे नाव, सगळे. चकलांब्याच्या म्हातारीने मराठीत लिहिलेला कागद काठमांडूच्या पोलिसाला वाचता आला, कारण अक्षरे एकच!

आठाला दहा मिनिटे कमी असताना आजी त्या पोलिसाबरोबर चालत आल्या. सून गळ्यात पडून रडू लागली. आजी म्हणाल्या, "कामून रडतीस गं? मला काय वाचता येत न्हाई व्हय?"

मघाशी जे निघायची घाई करीत होते, त्यांतल्या एकाने उठून आजींना खिडकीजवळची आपली जागा दिली. बस आठ वाजता सुटली.

४. कांबळ्याची किंमत

काठमांडूहून सीमेपर्यंतचा रस्ता अडीचशे किलोमीटरांहून अधिक आहे. बराचसा घाटाचा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला त्रिशूली नदी. दुपारी मुगलिंग येथे जेवणासाठी थांबलो. येथे त्रिशूलीला मर्स्यांगदी नदी येऊन मिळते.

शेवटच्या दिवशी माणसाला खरेदीची आठवण होते. आमच्या शिंपी मामांनी एका दुकानात कांबळे पाहिले. दुकानात एक बाई बसली होती. तिने किंमत सांगितली, सोळाशे. मामांनी घासाघीस केली. ती हलेना. शेवटी मामांनी शंभराच्या सोळा नोटा मोजून दिल्या. बाईने दहा नोटा घेतल्या आणि सहा परत केल्या.

मामांना संशय आला. "आत्ता सोळाशे म्हणत होती, आता हजार घेती? कांबळं बदललं का काय हिनं?" त्यांनी कांबळे उलटून पालटून पाहिले. बाईलाही राग आला. आवाज चढले. मग तिने कागदावर दोन शब्द लिहिले : नेरु १६००, भारु १०००.

'नेरु' म्हणजे नेपाळी रुपये. 'भारु' म्हणजे भारतीय रुपये. १९९३ सालापासून आपल्या शंभर रुपयांना नेपाळचे एकशेसाठ रुपये असा ठरलेला भाव आहे. बाईने किंमत नेपाळी रुपयांत सांगितली होती. मामांनी भारतीय नोटा दिल्या. ती गप्प राहिली असती तर मामांचे सहाशे रुपये गेले असते, आणि मामांना कळलेही नसते. तिने ते प्रामाणिकपणे परत केले. मामांनी हात जोडले आणि म्हणाले, "ताई, चुकलं माझं." तिला शब्द कळले की नाही कोण जाणे. पण हात जोडणे सगळीकडे कळते. तिने हसून मामांच्या नातीसाठी मूठभर लिमलेटच्या गोळ्या दिल्या.

हिशोबाची सोपी रीत अशी. नेपाळी किमतीला आठाने भागावे आणि पाचाने गुणावे, म्हणजे आपले रुपये येतात. १६०० भागिले ८ म्हणजे २००. २०० गुणिले ५ म्हणजे १०००. उलट करायचे असेल तर पाचाने भागावे आणि आठाने गुणावे. सौदा करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : "नेपाळी की भारतीय?"

५. घाटातली वाट

पुढे रस्ता रुंद करण्याचे काम चालू होते. गाड्यांची रांग लागली. एक तास गेला, दोन तास गेले. धुळीने सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसू लागले. सूर्य खाली उतरू लागला. बसवाला म्हणाला, वाट मोकळी झाली की गाडी पळवतो, नाहीतर मुदत गाठता येणार नाही.

येथे सर्वांनी मिळून विचार केला. दंड किती होईल? जो होईल तो चौतीस जणांत वाटून देता येईल. रेल्वे चुकली तर दुसरी मिळेल, दोन दिवस उशिरा घरी पोहोचू. पण घाटात गाडी गेली तर? बुवाच म्हणाले, "गुरुजी, त्याला सांगा, सावकाश चाल. दंड आम्ही भरू." सर्वांनी होकार दिला. बसवाल्याचाही जीव खाली बसला. घाई त्यालाही नको होती. दंड त्याच्या डोक्यावर पडेल याची त्याला भीती होती, एवढेच.

हा निर्णय किती शहाणपणाचा होता ते पाच महिन्यांनी कळले. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली भारतीय यात्रेकरूंची एक बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. त्या बसमध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातले यात्रेकरू होते. पंचवीसहून अधिक माणसे दगावली. तीही आपल्यासारखीच घरून देवाला निघालेली माणसे होती. डोंगरातला रस्ता, नदी आणि पाऊस यांच्यापुढे कोणाचे चालत नाही. निदान आपल्याकडून घाई होऊ नये एवढे आपल्या हाती आहे.

वाट मोकळी झाली. बस हळूहळू नारायणगढला उतरली. पुढे सपाट मुलूख लागला. बुटवल गेले, भैरहवा गेले.

६. सीमेवर

रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी आम्ही बेलहियाला पोहोचलो. हे नेपाळच्या बाजूचे शेवटचे ठिकाण. बसवाला परवाना घेऊन भन्सारच्या कचेरीत गेला. आम्ही पाय मोकळे करायला उतरलो.

तेवढ्यात एक तरुण बुवांपाशी आला. गोड बोलून हिंदीत म्हणाला, "बाबा, एवढी पिशवी पलीकडे न्या. माझा भाऊ तिकडे उभा आहे, तो घेईल. आपल्यासारख्या साधुमाणसाला कोणी अडवत नाही." वर पाचशे रुपये देऊ केले.

बुवा भोळे. कोणी काही मागितले तर नाही म्हणणे त्यांना जमत नाही. त्यांनी हात पुढे केला. पण आजी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी खडसावून विचारले, "तुझा भाऊ पलीकडं, तू अलीकडं. मधी चार पावलं जागा. तूच जाऊन कामून देत न्हाईस?"

त्या तरुणाने उत्तर दिले नाही. पिशवी उचलली आणि अंधारात निघून गेला.

वाचकहो, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. दुसऱ्याची बंद पिशवी सीमेपार नेऊ नये, मग सीमा रस्त्यावरची असो की विमानतळावरची. आत काय आहे हे आपणांस ठाऊक नसते. आत बंदी असलेला माल निघाला तर ज्याच्या हातात पिशवी, तोच आधी धरला जातो. 'मला माहीत नव्हते' हे सिद्ध करता करता वर्षे जातात. परदेशी कमाईला गेलेल्या गरीब माणसांवर असे प्रसंग आले आहेत. भीड घातली, पैसे दाखवले, देवाची शपथ घातली, तरी 'नाही' म्हणावे.

परवान्यावर शिक्का बसला. दंड झाला नाही. फाटक ओलांडले. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाच्या जवानांनी पिशव्या तपासल्या, ओळखपत्रे पाहिली आणि सोडले. नेपाळच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते. भारतात आले तेव्हा नऊच वाजत होते. बुवांनी मनगट वर केले आणि म्हणाले, "आता बोला! कोणाचं घड्याळ बरोबर?" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी रेल्वे वेळेवर मिळाली.

विमानाने जाणाऱ्यांसाठी

आपल्या जिल्ह्यातून कोणी हजला जातात. कोणी आखाती देशांत कामाला जातात. कोणाची मुले परदेशी आहेत म्हणून आईवडील जातात. त्यांच्याही परतीच्या दिवसासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट तिकिटाची वेळ. विमानाच्या तिकिटावर दिवस मध्यरात्रीपासून मोजतात. तिकिटावर '१६ तारीख, ००.३०' असे असेल तर ते विमान पंधरा तारखेच्या रात्री जेवण झाल्यावर निघते. सोळा तारखेच्या रात्री जो जाईल त्याला विमान मिळणार नाही. ते आदल्या रात्रीच गेलेले असते. विमानतळावर तीन तास आधी पोहोचावे. तेव्हा घरातून पंधरा तारखेला संध्याकाळीच निघावे लागते.

दुसरी गोष्ट पासपोर्ट. तो मोठ्या सामानात घालू नये, अंगावर ठेवावा. त्याची एक नक्कल वेगळ्या पिशवीत ठेवावी. पासपोर्ट हरवलाच तर आधी तेथल्या पोलिसांत कळवावे आणि मग भारताच्या वकिलातीत जावे. तेथे घरी परत येण्यापुरता तातडीचा दाखला मिळतो.

तिसरी गोष्ट सामान. महत्त्वाचे कागद, औषधे आणि जे पुन्हा मिळणार नाही ते आपल्या हातात असावे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर इंग्लंडहून परत आले. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जमविलेली पुस्तके दुसऱ्या बोटीने पाठविली होती. पहिले महायुद्ध चालू होते. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडविली. बाबासाहेब सुखरूप पोहोचले, पुस्तके समुद्रात गेली. सामानाचा विमा उतरविलेला होता, म्हणून काही भरपाई मिळाली. पण पुस्तके ती पुस्तके.

चौथी गोष्ट सोने. परदेशातून दागिने आणण्यास मर्यादा आहे. एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून येणाऱ्या बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅमपर्यंतच्या दागिन्यांची सवलत आहे. त्याहून अधिक असेल तर आपण होऊन सांगावे आणि जकात भरावी. हिरव्या वाटेने जाणे म्हणजे 'माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नाही' असे म्हणणे. सांगण्यासारखे असेल तर लाल वाटेने जावे. हे नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी जाणत्याला विचारावे.

लक्षात ठेवा

१. राहण्याच्या ठिकाणाचे नाव आणि फोन नंबर आपल्या हाताने लिहून जवळ ठेवा.
२. परक्या देशात उतरल्याबरोबर घड्याळ तेथल्या वेळेवर लावा. सर्वांची घड्याळे एक करा.
३. तारीख वाचताना पंचांग कोणाचे ते पाहा.
४. किंमत विचारताना पैसा कोणत्या देशाचा ते विचारा.
५. वाट चुकल्यास धावू नका. थांबा, पाट्या वाचा, पोलिसाला विचारा. नेपाळात पोलिसांचा फोन १०० आहे.
६. परक्याची पिशवी घेऊ नका.
७. परतीच्या दिवसात दोन-चार तास मोकळे ठेवा. वाटेत अडथळा येणारच असे धरून चला.

नेपाळी शब्द आणि त्यांचे अर्थ

ढोका – दार
पसल – दुकान
प्रहरी – पोलीस
भन्सार – जकात
आमा – आई
दाइ – मोठा भाऊ
दिदी – मोठी बहीण
लुगा – कपडे (आपले 'लुगडे' आठवा)
भोलि – उद्या

प्रश्न

१. परवान्यावरची तारीख वाचून पोरगा का घाबरला?
२. काठमांडूत सकाळचे दहा वाजले असतील तर चकलांब्यात किती वाजले असतील?
३. एका शालीची किंमत ८०० नेपाळी रुपये आहे. आपले किती रुपये द्यावे लागतील?
४. आजी एकदा वाचून चुकल्या आणि एकदा वाचूनच वाचल्या. कशा, ते सांगा.
५. तुमच्या विमानाची वेळ '१० तारीख, ०१.१५' अशी आहे. विमानतळावर कोणत्या तारखेला आणि किती वाजता पोहोचाल?
६. बसमधल्या दोघातिघांनी आजीला मागे ठेवून निघू असे म्हटले. तुम्ही तेथे असता तर काय म्हणाला असता? चार ओळी लिहा.